पाटीलकीचा एक कागद आणि एम.ए.चा प्रकल्प: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इतिहासाच्या एम.ए.ला नव्या शैक्षणिक धोरणानंतर शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प करावा लागतो. बी.ए.पर्यंत विद्यार्थ्याने इतिहास वाचलेला असतो तो दुसऱ्याने लिहिलेला: तह, सनावळ्या, कारणे आणि परिणाम. प्रकल्पात पहिल्यांदा त्याच्या हातात मूळ साधन येतं, आणि बरेचदा तिथेच गाडी अडते. इथे मांडलेलं प्रकरण आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. मी विभागात मोडीचा वर्ग घेतो; तिचे मार्गदर्शक दुसरे होते. गाव, घराणी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील झाकले आहेत.

गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. गावात पाटलांची दोन घरं, थोरला वाडा आणि धाकटा वाडा. मूळ पुरुष एकच. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचं वंशपरंपरेचं पद संपलं, तरी मान राहिला. होळी कोण पेटवणार, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा जाणार, यात्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून आजही दोन्ही वाड्यांत धुसफूस असते. पोळ्याचा मान बऱ्याच वर्षांपासून थोरल्या वाड्याकडे आहे आणि धाकट्या वाड्याला तो मान्य नाही.

विद्यार्थिनीचं आजोळ थोरल्या वाड्यातलं. तिच्या आईचे चुलते, जे घरात सगळ्यांचेच आबा, यांच्याकडे ट्रंकेत लग्नपत्रिकेच्या जाड पाकिटात एक मोडी कागद होता. घरात कोणालाच तो वाचता येत नव्हता, पण त्यात काय आहे हे सगळ्यांना तोंडपाठ होतं: नानासाहेब पेशव्यांनी पानिपताच्या आधी थोरल्या वाड्याला वडीलपण, म्हणजे थोरल्या शाखेचा मान, लिहून दिलं, आणि होळी-पोळ्याचे सगळे मान त्यातच आले.

विषय निवडताना

तिच्यापुढे तीन विषय होते. पहिला, शिवकालीन किल्ल्यांचं व्यवस्थापन. वर्गातले निम्मे विद्यार्थी दरवर्षी हाच घेतात आणि छापील ग्रंथांतून प्रकल्प उभा करतात. दुसरा, आजोळच्या गावातला १९७२ चा दुष्काळ. तिसरा, आबांच्या ट्रंकेतला कागद.

माझं मत विचाराल तर दुसरा विषय हातचा सोडायला नको होता. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाच्या कामावर सुकडी खाल्लेल्या, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापलेल्या बायका त्या गावात अजून आहेत, आणि त्या फार काळ असणार नाहीत. रोजगार हमीचा राज्याचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला, त्याची मुळं याच कामांत आहेत. कागद आणखी वीस वर्षं थांबला असता. पण तिला कागदाची ओढ होती, आणि मार्गदर्शकांचा सरळ हिशेब असा होता की अप्रकाशित अस्सल साधन हाती असलेला विद्यार्थी वर्षाला एखादाच येतो. विषय ठरला: पेशवाईतला एक पाटीलकीचा वाद आणि त्याचा निवाडा.

इथे सगळ्यांनी ‘अस्सल’ हा शब्द तपासल्याशिवाय वापरला होता.

अडचण

कागद वाचायचा कोणी, हा पहिला प्रश्न. पानामागे ठरलेले पैसे घेऊन लिप्यंतर करून देणारे लोक मिळतात. पण २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नव्हती. भूमी अभिलेख, तहसील, शाळांची जुनी रजिस्टरं, सगळीकडून त्यांना बोलावणी. एकाने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली आणि दरही असा सांगितला की विद्यार्थिनीने फोन ठेवला. तिने स्वतःच शिकायचं ठरवलं आणि माझ्या वर्गात बसू लागली.

मोडी शिकायला लागतं त्याहून थोडंच कमी डोकं मोडी कागदाला सरावायला लागतं. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं लिहीत जायचं, अशी ती पद्धत. बोरू शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. त्यात संक्षेप: ‘पा।’ म्हणजे परगणे, ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. वर्गातला पुस्तकी कित्ता वाचणारा विद्यार्थी असा कागद पाहून पहिल्या दिवशी गारठतोच. दिवाळीपर्यंत ती रोज संध्याकाळी दोन-तीन ओळी सोडवत होती.

खरी अडचण आली ती तारखेत. पेशवाईतल्या कागदांत वर्ष बहुधा सुहूर सनात आणि अरबी संख्याशब्दांत येतं: आधी एकक, मग दशक, मग ‘मया’ म्हणजे शंभर आणि ‘अलफ’ म्हणजे हजार. हे वर्ष मृगाला बदलतं. त्यात ५९९ मिळवले की ज्या मृगाला ते सुरू झालं तो इसवी सन मिळतो. या कागदावर एकक नव्हतं, नुसतं दशक, ‘मया’ आणि ‘अलफ’. कागदाची घडी नेमकी दशकावरून गेलेली. विद्यार्थिनीने वाचलं ‘सितैन’, म्हणजे साठ. साल निघालं ११६०, इसवी सन १७५९-६०. पानिपत जानेवारी १७६१ चं. म्हणजे घरची आठवण बरोबर! आबांना फोन गेला, मावशीच्या मोबाइलवरून सगळ्या भावकीत बातमी गेली.

या आकड्याच्या जोरावर ती पुण्याच्या पुराभिलेखागारात गेली. पेशवे दफ्तर तिथे आहे. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. न छापलेलं कोट्यवधी कागदांच्या घरात आहे, फडक्यांत बांधलेल्या रुमालांमध्ये. विभागाचं पत्र, अर्ज, ओळखपत्र, मग मागणीची चिठ्ठी आणि मग रुमाल समोर येतो. हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातून, निवाडा झाला असेल तर रोजकिर्दीत, म्हणजे सरकारच्या दैनंदिन नोंदीत, त्याचा काहीतरी माग असायला हवा. पण रोजकीर्द तारखेच्या क्रमाने आहे. साल चुकलं की माणूस भलत्याच रुमालात बसतो, आणि तो भलता आहे हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. १७५९-६० च्या रुमालांत या गावाचं नावही सापडलं नाही.

समोरचे पर्याय

इथे ती अडली. तिसरं सत्र संपत आलेलं. मार्गदर्शकांबरोबर बसून पर्याय मांडले गेले. नोंद सापडली नाही असं लिहून मोकळं व्हायचं आणि कागद आहे त्या सालासह छापायचा. हे सर्वांत सोपं होतं आणि नियमातही बसत होतं. नाहीतर कागद बाजूला ठेवून छापील खंडांतल्या वतनवादांवर, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्कांच्या भांडणांवर, प्रकल्प लिहायचा. तिसरा पर्याय मार्गदर्शकांनी सुचवला: दफ्तरात पुन्हा जायच्या आधी कागदालाच पुन्हा विचारायचं की तू कोण. त्यात काय लिहिलंय ते नंतर.

तिने तिसरा निवडला. मला या प्रकरणातला हाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सत्राच्या शेवटी विद्यार्थी मागे फिरत नाहीत, पुढे ढकलतात.

काय केलं

कागद विभागात आणला आणि खिडकीशी उजेडात धरला. आतून परदेशी बनावटीचं जलचिन्ह दिसलं आणि त्यात इसवी सनाचे आकडे होते, १८५० नंतरच्या दशकातले. एवढ्यावरच अर्धं काम झालं. जुन्या इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी सरकारच्या इनाम कमिशनच्या चौकशीला १८५२ च्या कायद्याने जोर आला. त्या वर्षांत घरोघरचे जुने कागद बाहेर निघाले, नकला झाल्या, कैफियती लिहिल्या गेल्या. हा कागद त्याच काळातली नक्कल असावी, असं दिसू लागलं.

मग शेवटचा भाग पाहिला. निवाड्याला साक्षीला बसलेल्या गोताची, म्हणजे गावच्या वतनदार मंडळींची, नावं तिथे होती. अस्सल महजरावर, म्हणजे अशा सभेच्या निवाडापत्रावर, अशा जागी वेगवेगळे हात दिसतात, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी असते: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. इथे सगळी नावं एकाच वळणाची, आणि नांगर काढलेला नाही, ‘निशाणी नांगर’ असं फक्त लिहिलेलं. नक्कल करणाऱ्या कारकुनाने चित्र गाळून अक्षरं उतरवली होती.

तारीख पुन्हा वाचायची होती. या वेळी तीन जणांनी वेगवेगळं बसून वाचायचं आणि एकमेकांना सांगायचं नाही, असं ठरलं. दोघांचं वाचन निघालं ‘तिसैन’, नव्वद. सितैन आणि तिसैन, अक्षरं तीच दोन, स आणि त, फक्त जागा बदललेल्या, आणि घडीची सुरकुती बरोबर त्यांच्यावर. तिसैन धरलं तर साल ११९०, म्हणजे इसवी सन १७८९-९०. तीस वर्षांचा फरक! नानासाहेबांऐवजी सवाई माधवरावांचा काळ, आणि कारभार नाना फडणवीसांचा.

दोन विरुद्ध एक या मतमोजणीवर साल ठरवता येत नाही. ठरवलं ते मजकुराने. वादीच्या जबानीत आधीच्या एका भांडणाचा उल्लेख होता आणि तिथे नानासाहेबांच्या नावामागे ‘कैलासवासी’ होतं. त्यांची कारकीर्द मागे पडल्यासारखी बोलली गेली होती. नानासाहेब जून १७६१ मध्ये गेले. १७५९-६० च्या कागदात ते कैलासवासी असू शकत नाहीत. हा शब्द विद्यार्थिनीने पहिल्याच महिन्यात बरोबर वाचून लिप्यंतरात उतरवलेलाही होता. सालाच्या आनंदात त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

साल सुटलं आणि मजकूर नीट लागत गेला, तेव्हा दुसरा पेच उभा राहिला. निवाड्यात थोरल्या वाड्याला वडीलपण होतं हे खरं. पहिला टिळा त्यांचा, शिरपाव म्हणजे मानाचं वस्त्र आधी त्यांना. पण होळी आणि पोळा दोन्ही घरांनी वर्षाआड घ्यायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

सांगायचं की नाही

ज्या घराने कागद दिला त्याच घराच्या आजच्या दाव्याला हा कागद सुरुंग लावत होता. विद्यार्थिनीला पहिल्यांदा वाटलं ते कोणालाही वाटेल तेच: नक्कल, साल, वाचनपद्धती यांवर पूर्ण प्रकरण लिहावं आणि पोळ्याचं कलम गाळावं. प्रकल्प त्यानेही भरला असता. मार्गदर्शकांनी यावर फार बोलणं केलं नाही. त्यांनी विचारलं, गाळलेल्या जागी तीन टिंबं देणार की नाही? टिंबं दिली तर वाचणारा विचारणार, आणि न दिली तर ते लिप्यंतर उरत नाही.

नावांसकट सगळं लिहिणं हा दुसरा टोकाचा मार्ग. पण एम.ए.चा प्रकल्प ग्रंथालयात जातो, आणि गावात भांडण चालू असताना त्याच्या झेरॉक्स निघायला वेळ लागत नाही. शेवटी ठरलं ते असं: मजकूर पूर्ण द्यायचा, गाव आणि दोन्ही घरं झाकायची, आणि प्रकल्प सादर करण्याआधी आबांना स्वतः जाऊन सांगायचं. सादर केल्यावर सांगावं, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. वर्षाच्या शेवटी घरात वाद नको, एवढंच. विद्यार्थिनीने ते ऐकलं नाही.

ओसरीवर कागदाची मोठी केलेली छपाई आणि बालबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवून तिने आबांना ओळीओळीने वाचून दाखवलं. आबा मध्ये बोलले नाहीत. मग विचारलं, “आन वाचनाराची चूक न्हाई कशावरनं?” इतिहासाच्या विभागात विचारला जावा असा हा प्रश्न. तिने सितैन-तिसैनची जागा दाखवली, कैलासवासी दाखवला, आधी आपणच चुकीचं वाचलं होतं तेही सांगितलं. आबा म्हणाले, “म्हंजी पोळा वर्साआड. आसंच ना?” ती म्हणाली, “कागदात तसं आहे, आबा. पण हा कागद नक्कल आहे.” “नक्कल हाय तर मग खोटा आसंल,” आबा म्हणाले. नक्कल म्हणजे खोटा नव्हे, हे समजावण्यात दुपार गेली आणि ते त्यांना पटलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी शेवटी एक अट घातली: अक्षरं छापा, कागदाचा फोटो छापायचा नाही.

निकाल

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन जागी बोट ठेवलं. गाव झाकलं, घरं झाकली, फोटोही नाही. मग तळटीप पडताळायची कशी? इतिहासात पडताळता न येणारी तळटीप म्हणजे लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणणं. यावर तोड म्हणून फोटो आणि नावांसह पूर्ण लिप्यंतर विभागात बंद पाकिटात ठेवलेलं होतं आणि परीक्षकांना ते दाखवलं गेलं. पण पुढचा वाचक काय करणार, हा प्रश्न त्यांनी तसाच ठेवला, आणि मला तो रास्त वाटतो. माहिती देणाऱ्याचं संरक्षण आणि साधनाची पडताळणी या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या आड येतात. समाजशास्त्रवाले नावं झाकून सहज पुढे जातात. आमच्या विषयात ते इतकं सोपं नाही.

दुसरा प्रश्न जास्त धारदार होता. पक्षकाराने करून घेतलेल्या नकलेत कलम घुसवलेलं नसेल कशावरून? विद्यार्थिनीचं उत्तर चांगलं होतं: कागद थोरल्या वाड्याच्या ताब्यात आहे आणि पोळ्याचं कलम थोरल्या वाड्याच्या विरुद्ध आहे, खोटं घुसवणारा आपल्याच विरुद्ध घुसवत नाही. परीक्षक म्हणाले, नक्कल थोरल्या वाड्याने करून घेतली हे कुठे लिहिलंय? धाकट्या वाड्याने केलेली नक्कल दाव्याच्या कामात इकडे आली असेल तर? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. बांधणीआधी प्रकल्पात हा मुद्दा उघडा प्रश्न म्हणून घातला गेला. श्रेणी चांगली मिळाली. सवाई माधवरावांच्या काळातली सगळ्या वतनवादांची चर्चा करणारं तिसरं प्रकरण मात्र परीक्षकांना उसनं वाटलं, आणि ते होतंही उसनं. कागदात वेळ गेल्यावर ते छापील ग्रंथांवरून घाईत लिहिलेलं होतं.

१७८९-९० च्या रोजकिर्दीतले जेवढे रुमाल तिला पाहता आले तेवढ्यात निवाड्याची नोंद मिळाली नाही. कोणते रुमाल पाहिले आणि कोणते राहिले, याची यादी प्रकल्पाला जोडलेली आहे. पुढच्या माणसाला ती कामाची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जलचिन्ह पहिल्याच दिवशी दिसू शकलं असतं. कागद हाती आला की आधी पुढून-मागून फोटो, मग उजेडात धरणं, मोजमाप, हस्ताक्षरं, आणि वाचन त्यानंतर. आता विभागात याची एक पानाची नोंद भरून घेतल्याशिवाय खासगी कागदावरचा विषय मंजूर करत नाहीत.

तारखेचं स्वतंत्र वाचन दफ्तरात जाण्याआधी व्हायला हवं होतं. चकरा वाचल्या असत्या, आणि त्याहून मुख्य म्हणजे चुकीचं साल भावकीत पसरलं नसतं. ते आता परत घेता येत नाही. गावात अजूनही काही जण ‘पानिपताच्या आधीचा कागद’ असंच म्हणतात.

परवानगी लेखी आणि सुरुवातीलाच घ्यायला हवी होती, तीही मजकूर काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसताना. निष्कर्ष कळल्यावर मागितलेली परवानगी ही परवानगी राहत नाही, ती वाटाघाट होते. फोटो न छापण्याची अट त्यातूनच आली.

आणि धाकटा वाडा. वाद दोन घरांचा, तर कागदही दोन घरांत असणार, हे वतनाच्या कागदांबाबत गृहीत धरायला हरकत नाही. पण विद्यार्थिनी थोरल्या वाड्याची भाची. त्या दारात जाऊन कागद मागणं तिला वर्षभर जमलं नाही, आणि मार्गदर्शकांनीही आग्रह धरला नाही. तिच्या जागी त्रयस्थ विद्यार्थी असता तर तिथे गेला असता. मात्र त्याला आबांनी ट्रंक उघडून दिली नसती.

प्रकल्प सादर झाल्यावर धाकट्या वाड्यातले एक मामा तिला एसटी स्टँडवर भेटले. प्रकल्पाची एक प्रत मिळंल का, असं त्यांनी विचारलं. तिने ती आबांकडे मागा म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, “आमच्याकडंबी हाय एक मोडी कागूद. तुमचा दावा, मग आमचा दावतो.” आबा अजून तयार नाहीत.